मासे खाल्ले, खेळलो आणि अंग लाल झाले

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत उमरग्याहून गोव्याला किंवा मालवणला जाणाऱ्यांची संख्या हल्ली बरीच वाढली आहे. पूर्वी आपली सहल म्हणजे तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर आणि फार झाले तर हैदराबाद. आता चार मित्र किंवा दोन कुटुंबे मिळून गाडी करतात, सोलापूर, मिरज, कोल्हापूर करीत रात्रभर प्रवास करतात आणि सकाळी समुद्र गाठतात. दुपारचे जेवण मग पाण्याच्या काठावरच होते. गोव्यात कळंगुट, बागा, कोलवा अशा किनाऱ्यांवर झापांचे छप्पर घातलेल्या मोकळ्याढाकळ्या खानावळी असतात. त्यांना शॅक म्हणतात. पावसाळ्यात त्या काढून ठेवतात आणि पाऊस संपला की पुन्हा उभ्या करतात. वाळूत मांडलेल्या खुर्च्या, समोर लाटा, बाजूला व्हॉलीबॉलची जाळी, मुलांच्या हातात फुटबॉल, असा सगळा थाट असतो. मालवणजवळ तारकर्ली, देवबागला तर जेवून हात धुतले की लगेच पाण्यातले खेळ. ज्याने आयुष्यभर ज्वारीच्या शेताशिवाय मोकळी जागा पाहिली नाही, तो माणूस तिथे लहान मूल होतो. व्हावेही.

या सहलींवरून परतलेल्यांपैकी काही जण चार-आठ दिवसांनी दवाखान्यात येतात. तक्रार ठरलेली असते. "डॉक्टरसाहेब, मासे बाधले. अंगावर पित्त उठलं." आपल्याकडे अंगावर काहीही लाल उठले की त्याला पित्त म्हणतात. आमसूल चोळायचे, घोंगडी पांघरून बसायचे आणि मग घरातली वडीलधारी मंडळी निकाल देतात, "ह्याला मासा चालत नाही." हा निकाल जन्मभर टिकतो. पुष्कळदा तो चुकीचा असतो आणि एक चांगले, स्वस्त, पचायला हलके अन्न विनाकारण बंद होते. काही वेळा मात्र नेमके उलटे घडते. जिथे खरोखर जिवाला धोका होता, तिथे "पित्तच होतं, तासाभरात उतरलं" म्हणून गोष्ट सोडून दिली जाते आणि पुढच्या सहलीला तोच माणूस तेच करतो. म्हणून मासे खाल्ल्यावर अंग लाल होण्याची तीन निरनिराळी कारणे आज वेगळी करून सांगावीशी वाटतात. ती दिसायला सारखी असतात, पण त्यांचे उपाय आणि पुढची पथ्ये अगदी वेगळी आहेत.

बांगड्याचा विकार

एका दुकानातले पाच जण गोव्याला गेले होते. तिघांनी बांगडा मागवला, एकाने पापलेट आणि एकाने कोंबडी. जेवण होऊन अर्धा तास होतो न होतो तोच बांगडा खाणाऱ्या तिघांचेही चेहरे व मान लालबुंद झाली, डोके ठणकू लागले, छातीत धडधड सुरू झाली आणि एकाला जुलाब झाले. उरलेले दोघे ठणठणीत. संध्याकाळपर्यंत तिघेही आपोआप बरे झाले. परत आल्यावर तिघांनीही आपल्याला माशाची अॅलर्जी आहे असे ठरवून टाकले होते.

आता विचार करा. अॅलर्जी ही ज्याच्या त्याच्या शरीराची खोड असते. एकाच टेबलावरच्या तिघांना, एकाच दिवशी, एकाच माशाची अॅलर्जी कशी सुरू होईल? दोष त्यांच्या शरीरात नव्हता, माशात होता.

बांगडा, सुरमई, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा पाण्याबाहेर आल्यावर लगेच बर्फात ठेवला तर काही बिघडत नाही. पण तो काही तास उन्हात किंवा नुसत्या उबदार हवेत पडला, तर त्याच्या कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जंतू वाढतात आणि या हिस्टिडीनचे हिस्टामाइन बनवतात. अॅलर्जीत आपले शरीर जे रसायन सोडते तेच हे हिस्टामाइन. इथे शरीराने ते सोडलेलेच नसते, ते आयतेच ताटातून पोटात जाते. त्यामुळे लक्षणे हुबेहूब अॅलर्जीसारखी दिसतात. फरक इतकाच की गांधी उठण्यापेक्षा चेहरा तापून लाल होणे आणि डोके दुखणे यांचा जोर जास्त असतो. काहींना तोंडात मिरीसारखा तिखट, झोंबरा किंवा धातूसारखा स्वादही येतो.

या विकाराची खुबी अशी की एकदा तयार झालेले हिस्टामाइन शिजवून जात नाही, तळून जात नाही आणि फ्रीजमध्ये गोठवूनही जात नाही. "आम्ही गरमागरम तळून खाल्ला हो" हे म्हणणे खरे असते, पण उपयोगाचे नसते. वाससुद्धा कित्येकदा चांगलाच येतो. लाल कल्ले, चकचकीत डोळे, दाबल्यावर वर येणारे मांस ही ताज्या माशाची लक्षणे आपल्याला शिकवलेली असतात आणि ती पाहावीतच, पण या बाबतीत ती पुरेशी नाहीत. अन्नपदार्थांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या कोडेक्स समितीने माशात एका किलोला 200 मिलिग्रॅमपेक्षा जास्त हिस्टामाइन नसावे, अशी मर्यादा घातली आहे. हे प्रयोगशाळेत कळते, नाकाला कळत नाही.

बऱ्याच शॅकमध्ये गिऱ्हाइकाला पसंत करता यावा म्हणून मासे परातीत मांडून ठेवतात किंवा टेबलापर्यंत आणून दाखवतात. पाहायला छान वाटते. परातीत खाली-वर बर्फ असेल तर ठीक. नसेल, तर संध्याकाळपासून त्याच परातीत किती टेबलांवर फिरून आलेला बांगडा आपल्या वाट्याला येतोय, याचा विचार करावा आणि "पेटीतला काढून द्या" असे स्पष्ट सांगावे. लाजण्याचे कारण नाही, पैसे आपण देतो.

हा त्रास झाला तर घाबरू नये. अॅलर्जीवर देतात तीच साधी गोळी, म्हणजे सेट्रिझिनसारखी, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली की बहुतेकांना लवकर आराम पडतो. गोळी नाही घेतली तरी दिवसभरात हा विकार सहसा ओसरतो. वयस्कर माणूस, हृदयविकार किंवा दमा असलेला माणूस असेल तर मात्र दवाखाना गाठावा. महत्त्वाचे असे की या माणसाने पुढे आयुष्यभर मासे सोडण्याची काही गरज नाही. त्याने नीट बर्फात ठेवलेला मासा खुशाल खावा.

जाता जाता एक. पुण्याला जाताना उजनीच्या पाण्याकाठी भिगवण, पळसदेव, इंदापूरच्या भागात थांबून मासे खाणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिथे मिळणारे चिलापी, रोहू, कटला, मरळ, वाम हे गोड्या पाण्यातले मासे. त्यांच्यामुळे हा हिस्टामाइनचा त्रास क्वचितच होतो. आपल्या माकणीच्या धरणातल्या माशांचेही तेच. मात्र पुढे सांगितलेली खरी अॅलर्जी गोड्या पाण्यातल्या माशाचीही होऊ शकते.

खरी अॅलर्जी

खरी अॅलर्जी एकट्यालाच होते. टेबलावर दहा जणांनी कोळंबी खाल्ली आणि एकाच्याच ओठांना खाज सुटली, अंगभर गांधी उठल्या, डोळे सुजले, तर ती अॅलर्जी समजावी. कोळंबी, खेकडा आणि शेवंड यांची अॅलर्जी मोठ्या माणसांत जास्त दिसते आणि ती सहसा आयुष्यभर राहते. लहानपणी कोळंबी चालत होती, म्हणून आता काही होणार नाही, असा हिशेब चालत नाही.

कवचवाल्या प्राण्यांच्या अॅलर्जीला मुख्यतः ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन कारणीभूत असते. माशाच्या अॅलर्जीला पार्व्हाल्ब्युमिन हे निराळेच प्रथिन कारण ठरते. म्हणजे ज्याला कोळंबी चालत नाही, त्याला रोहू किंवा पापलेट चालू शकते. तपासून घ्यावे एवढेच. उलट कोळंबीची अॅलर्जी असलेल्याला खेकड्याचीही असण्याची शक्यता मोठी असते. घरातल्या धुळीतले बारीक किडे आणि झुरळे यांच्यातही कोळंबीसारखेच ट्रोपोमायोसिन असते. त्यामुळे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या, जन्मात कोळंबी न पाहिलेल्या माणसाचे शरीरही त्या प्रथिनावर आधीच चिडलेले असू शकते. आमच्या भागातल्या माणसाला पहिल्याच सहलीत त्रास का झाला, या प्रश्नाचे उत्तर काही वेळा इथे सापडते.

आणखी एक गैरसमज पक्का बसला आहे, तो म्हणजे समुद्रातल्या माशांत आयोडीन असते, त्याची ही अॅलर्जी. तसे नाही. आपण रोजच्या मिठातून आयोडीन खातोच. कोळंबीची अॅलर्जी आहे म्हणून सीटी स्कॅनच्या वेळचे आयोडीनचे इंजेक्शन टाळण्याचेही कारण नाही. फक्त अॅलर्जी आहे हे तिथल्या डॉक्टरांना सांगावे.

जेवण आणि खेळ यांची गाठ

तिसरा प्रकार सर्वांत कमी माहितीचा आहे आणि पाण्याकाठच्या सहलीत नेमका तोच जुळून येतो. म्हणून त्यावर थोडे जास्त लिहितो.

एक पंचविशीतला तरुण. कोळंबी त्याने आधी पाच-सहा वेळा खाल्ली होती, काही झाले नव्हते. व्हॉलीबॉल तर तो कॉलेजपासून खेळत होता. सहलीत रात्रभराच्या प्रवासाने डोके दुखले म्हणून त्याने सकाळी एक वेदनाशामक गोळी घेतली. दुपारी बियरबरोबर कोळंबी झाली आणि तासाभरात मित्रांनी जाळीजवळ ओढले. भर उन्हात पंधरा-वीस मिनिटे खेळल्यावर तळहातांना आणि काखेत खाज सुटली. उन्हाने असेल म्हणून तो खेळत राहिला. मग अंगभर गांधी, घशात आवळल्यासारखे, आणि सर्व्हिस करायला हात उचलला तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो वाळूत बसला. सुदैवाने सोबतच्यांनी त्याला लगेच गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेले आणि तिथे वेळेवर इंजेक्शन मिळाले.

परत आल्यावर त्याने मला विचारले, "कोळंबी तर मला चालते. खेळही चालतो. मग हे झालं कशानं?" उत्तर असे की दोन्हींच्या जोडीने. काही माणसांत विशिष्ट अन्न एकटे त्रास देत नाही आणि व्यायामही एकटा त्रास देत नाही. पण ते अन्न पोटात असताना अंगमेहनत केली, की तीव्र अॅलर्जीचा झटका येतो. वैद्यकशास्त्रात याची पहिली नोंद 1979 साली अमेरिकेत झाली. तिथेही रुग्ण धावपटू होता आणि अन्न होते कवचातले समुद्री प्राणी. पुढे अशी उदाहरणे जगभर सापडली. गव्हामुळेही हे होते, किंबहुना पुष्कळ देशांत गहूच जास्त आढळतो. खेळताना आतड्यांतून अन्नातली प्रथिने जास्त प्रमाणात रक्तात उतरत असावीत, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. अॅस्पिरीन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, दारू, कडक ऊन आणि जागरण यांमुळे झटक्याची शक्यता आणखी वाढते. आता त्या तरुणाचा दिवस पुन्हा आठवून पाहा. यातले काय शिल्लक राहिले होते?

जेवून लगेच खेळू नये, पोहू नये, असे आपल्या आज्या सांगत. त्यांचे कारण वेगळे होते, पण सल्ला सोडून देण्यासारखा नाही. सर्वांना हा धोका असतो असे मुळीच नाही. हा विकार विरळा आहे. पण मासे, कोळंबी किंवा इतर काही खाऊन खेळताना ज्याला एकदा जरी गांधी उठल्या, त्याने ते अन्न खाल्ल्यानंतर किमान चार तास, शक्यतो सहा तास, धावपळ करू नये. आणि एकट्याने पोहायला किंवा पळायला कधीच जाऊ नये. समुद्रात कंबरभर पाण्यात अशी चक्कर आली तर बाहेर कोण काढणार? बुडून दगावल्याची बातमी येते, पण आधी चक्कर कशाने आली याची चौकशी फारशी कोणी करत नाही.

झटका आला तर

अंगावर नुसत्या गांधी असतील तर ते साधे समजावे. गांधींबरोबर पुढीलपैकी काहीही एक असेल, म्हणजे आवाज बसणे, घसा आवळणे, श्वासाला घरघर, एकसारख्या उलट्या, चक्कर, घाम फुटून अंग गार पडणे, तर ती तातडीची अवस्था आहे. तिला अनॅफिलॅक्सिस म्हणतात. गंमत अशी की हा शब्दसुद्धा समुद्रातूनच आला. 1901 साली मोनॅकोच्या राजाच्या बोटीवर दोन फ्रेंच शास्त्रज्ञ, शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए, समुद्री प्राण्यांच्या विषाचा अभ्यास करीत होते. पुढे किनाऱ्यावर परतल्यावर त्यांना असे दिसले की पहिल्या वेळी विष सहन केलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी त्याच विषाची अगदी थोडी मात्रा दिली, तर तो काही मिनिटांत दगावतो. 1902 मध्ये त्यांनी या प्रकाराला हे नाव दिले आणि 1913 मध्ये रिशे यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या अवस्थेवर खरे औषध एकच, अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत देतात. हे औषध महाग नाही आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते असते. परदेशात रुग्णाला स्वतः टोचून घेता येईल असे पेन मिळते. आपल्याकडे ते सहजासहजी मिळत नाही. म्हणून वेळ दवडायचा नाही, हाच आपला उपाय. सेट्रिझिन किंवा एव्हिलची गोळी देऊन वाट पाहत बसू नये, ती खाज थांबवते, घसा उघडत नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यातही 108 क्रमांकाला फोन केला की रुग्णवाहिका येते. ती येईपर्यंत माणसाला आडवे झोपवून पाय उंच करावेत. श्वास लागत असेल तर पाठीला टेकू देऊन बसवावे. "ऊठ, जरा चालून बघ" म्हणत उभे मुळीच करू नये, त्याने रक्तदाब एकदम कोसळतो. तोंडात पाणी, लिंबू सरबत काही घालू नये. आणि बरे वाटले म्हणून तासाभरात दवाखान्यातून निघूही नये, कारण काहींना काही तासांनी दुसरा झटका येतो.

डिकीतला मासा

सहलीहून परतताना "घरी घेऊन जाऊ" म्हणून मालवणच्या लिलावातून बांगडे घेणारे पुष्कळ आहेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत मासा, पिशवी डिकीत, आणि वर बारा-चौदा तासांचा प्रवास. वर सांगितलेले हिस्टामाइन तयार करायचेच ठरवले, तर याहून चांगली पद्धत सापडणार नाही. आणायचेच असेल तर तिथेच कल्ले आणि आतडी काढून, धुऊन, थर्माकोलच्या पेटीत माशाच्या वजनाइतकाच बर्फ थराथराने घालून आणावे. वितळलेले पाणी वाटेत काढून टाकावे आणि कोल्हापुरात किंवा सोलापुरात नवा बर्फ भरावा. इतका खटाटोप होत नसेल तर तिथेच पोटभर खाऊन यावे.

तिसऱ्या, कालवे, शिनाणे हे शिंपल्यातले प्राणी पाणी गाळून आपले अन्न मिळवतात. पाण्यात गटाराची घाण असेल तर तीही त्यांच्यात साठते. 1988 साली चीनमधल्या शांघायमध्ये नीट न शिजवलेले शिंपले खाल्ल्याने सुमारे तीन लाख लोकांना कावीळ झाली होती. आपल्याकडे तिसऱ्या चांगल्या शिजवून खातात, तीच पद्धत बरोबर आहे. ही कावीळ दोन ते सात आठवड्यांनी दिसते. म्हणून सहलीनंतर महिन्याभराने भूक मेली, लघवी पिवळी झाली, तर सहलीचा उल्लेख डॉक्टरांपाशी जरूर करावा.

मासे आणि दूध एकत्र खाल्ले की कोड उठते का, हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतेच. याला शास्त्रीय आधार नाही. कोड हा निराळा आजार आहे, तो खाण्यातून होत नाही.

आता तपासण्यांविषयी. "आमची अॅलर्जीची सगळी टेस्ट करा" म्हणून हजारो रुपये खर्चून पन्नास पदार्थांची यादी घेऊन येणारे लोक पाहिले की वाईट वाटते. अशा यादीत खाल्लेले आणि कधीच न खाल्लेले पदार्थही "पॉझिटिव्ह" येतात आणि माणूस भाकरी-पिठल्यालाही घाबरू लागतो. तपासणी हवी असते ती एका ठरावीक संशयासाठी, आणि तो संशय तुमच्या सांगण्यातूनच येतो. त्यामुळे डॉक्टरकडे जाताना कागदावर एवढे लिहून न्यावे: नेमका कोणता मासा किंवा कोळंबी खाल्ली, त्या टेबलावर तेच आणखी कोणी खाल्ले आणि त्यांना काय झाले, खाल्ल्यानंतर किती वेळाने सुरू झाले, मधल्या वेळात काय केले, खेळलात, पोहलात की झोपलात, आणि त्या दिवशी कोणती गोळी किंवा दारू घेतली होती का. जमल्यास अंगावरच्या गांधींचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, कारण दवाखान्यात येईपर्यंत त्या उतरलेल्या असतात आणि आम्हाला दाखवायला फक्त नखांचे ओरखडे उरतात.